पोपट काय म्हणाला

पिंगळी, १२ सप्टेंबर १९९३

चि. लिंबाजी,
जयभीम.

सोबत तीन कात्रणं आहेत. आधी ती वाच, पत्र मागून वाच. पत्र नाही वाचलंस तरी चालेल असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल.

पहिलं कोंबड्याचं आहे. कुठल्याशा गावात एकाने शेजाऱ्याच्या कोंबड्यावर खटला भरला, की हा आरवून आरवून माझी झोप मोडतो. कोर्टाने कोंबड्याला हाजिर करा म्हणून सांगितलं. पिंजऱ्यातून आणला, दिवसभर बसवला, पण पठ्ठ्याने चोच उघडली नाही. वकिलाने स्वतः आरवून दाखवलं तरी नाही. दुसरं दोन भावांचं. एका घरात बावीस वर्षं राहिले, एकमेकांशी बोलले नाहीत. काही सांगायचं झालं तर कुत्र्याकडे तोंड करून सांगायचे, "मोत्या, त्याला म्हणावं विहिरीचा दोर तुटलाय." मोत्या मेल्यावर त्यांनी दुसरा कुत्रा आणला. तिसरं पुस्तकाचं, आजोबाने वाचनालयातून नेलेलं पुस्तक नातवाने नेऊन दिलं. खरं किती आणि खोटं किती, ते छापणाऱ्याला माहीत.

मी अजून चंद्रभानच्या रद्दीच्या दुकानातच आहे. सकाळच्या गाडीने परभणीला जातो. मराठी पेपर वेगळे, इंग्रजी वेगळे, वह्या वेगळ्या, मासिकं वेगळी. सगळ्या जगाची बातमी माझ्या हाताखालून जाते, फक्त सहा महिने शिळी होऊन. काही गमतीचं दिसलं की मी थांबतो आणि चंद्रभान ओरडतो, "आश्रुबा, कागद निवडायलास का परीक्षेला बसायलास?" मी म्हणतो, परीक्षेलाच बसलोय, आणि माझा मास्तर बल्लारशाला आहे. तो हसतो. त्याला वाटतं मी थट्टा करतो.

तुला आठवतं ना, तू नववीत होतास आणि मी चाळिशीचा ठोंब्या. पाटीवर अ आ इ काढून मी बेजार झालो होतो. मग तू दुकानातून आलेल्या शेंगदाण्याच्या पुडीचा कागद सोडवलास आणि म्हणालास, "आबा, हे वाचा. गंमत हाय." साक्षीला पोपट उभा केल्याची बातमी होती. मालकाच्या घरी चोरी झाली तेव्हा घरात फक्त पोपट होता. एकेक अक्षर जोडत मला तीन दिवस लागले. शेवटची ओळ आली, "न्यायाधीशांनी विचारताच पोपट म्हणाला," आणि पुढे कागद फाटलेला. मी कपाळाला हात लावला. तू पोट धरून हसलास आणि पोपट काय म्हणाला ते रोज नवीन सांगायला लागलास. पुढचं कळावं म्हणून मी वाचायला शिकलो रे. वही केली आपण कात्रणांची, भाताच्या खळीने चिकटवून.

हे माझं पंधरावं पत्र. तुझ्या सिताराममामाने पत्ता आणून दिला त्याला दोन वर्षं झाली. एकही पत्र परत आलं नाही, म्हणजे तू पोस्टमनच्या हातातून घेतोस. एवढं मला पुरत होतं. आता पुरत नाही. डोळ्यांत हल्ली धूर असल्यासारखं वाटतं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. फार नाही. दसऱ्यापर्यंत दोन ओळी लिही.

तुझी आई बरी आहे. हाताची बोटं अजून सरळ होत नाहीत, पण भाकरी करते.

तुझा,
आबा


पिंगळी, १० ऑक्टोबर १९९३

चि. लिंबाजी,

भूकंप झाला त्या पहाटे इथली भांडीसुद्धा वाजली. आम्ही सगळे रस्त्यावर येऊन बसलो. नंतर तिकडे लातूरकडचं ऐकलं आणि त्या दिवशी कुणी चूल पेटवली नाही. दोन दिवसांनी पिंगळीत तारा यायला लागल्या. पुण्याच्या पोरांच्या, सुरतेच्या पोरांच्या, कुणाची तार, कुणाचं कार्ड. पोस्टमन आमच्या दारावरून गेला की तुझी आई उठून उभी राहायची. चौथ्या दिवशी ती उठली नाही. मला राग आला तुझा. लय राग आला. माझ्यावर काय ते काढ, पण तिने तुझं काय केलं? एक कार्ड टाकायला काय हात झडले असते?

राग लिहून टाकला. खोडत नाही.

आता डोळ्यांचं सांगतो. परभणीत डोळ्यांचं शिबिर होतं. मला वाटलं मोतीबिंदू असेल, काढतील आणि हिरवी पट्टी बांधून घरी पाठवतील. डॉक्टरीणबाई पोरसवदा होत्या, पण स्वभावाने चांगल्या. त्या म्हणाल्या, "बाबा, मोतीबिंदू असता तर काढला असता. हा काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. औषधाने उरलेली थोडे दिवस टिकेल." मी विचारलं, थोडे म्हणजे किती? त्या म्हणाल्या, उन्हाळ्यापर्यंत जपा. डावा डोळा गेल्यातच जमा आहे. उजव्याने समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं नाही. नळीतून बघावं तसं.

म्हणून आता सरळ मागतो, लिंबाजी. मला तुझ्या हातचं एक पत्र पाहिजे आणि ते माझ्या डोळ्यांनी वाचायचं आहे. दुसऱ्याकडून वाचून घेणार नाही. तुला मला जे लिहायचं असेल ते शेजारच्या मास्तराच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नाही. चांगलं असलं तरी नाही आणि शिव्या असल्या तरी नाही. तू मला वाचायला शिकवलंस आणि तुझं एकही अक्षर माझ्याकडे नाही. सगळं त्या आगीत गेलं. तुझ्या पत्राशिवाय डोळे गेले तर मी काय करू सांग.

दसऱ्याला इथली मंडळी नागपूरला दीक्षाभूमीवर येणार आहेत. तुझा मामा पुढे बल्लारशाला येईल. त्याच्या हातात चिठ्ठी दे.

कात्रण एकच आहे. एका गावात बकरीने निवडणुकीचा अर्ज खाल्ला. पुढे उमेदवाराचं काय झालं ते पान फाटलंय. तू सांग.

आबा


पिंगळी, २१ नोव्हेंबर १९९३

चि. लिंबाजी,

मामा आला. आईला तू लुगडं दिलंस, हाताला लावायचं मलम दिलंस, तब्येत विचारलीस. माझं काही विचारलं नाहीस. मामा म्हणाला, "दाजी, वाईट नका वाटून घेऊ." मी म्हणालो, वाईट कशाचं, मला तर सवय आहे. आणि मागे जाऊन तोंड धुतलं.

पण मग तो एक बोलून गेला. तो म्हणाला, "खोलीत भिंतीला तुमची कात्रणं चिकटवलीत त्यानं. कोंबड्याचं बी हाय. मी वाचून हसायलो, तर म्हणला हसू नका मामा, आन् सोताच हसला."

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. म्हणजे लिफाफा तू फोडतोस. कात्रणं ठेवतोस. मग पत्रांचं काय करतोस? वाचून फेकतोस का न वाचता फेकतोस? मी त्या रात्रीपासून मनाशी सगळ्या पत्रांची उजळणी करतो आहे. पंधरा नाही, सोळा झाली, आणि त्यांत कोंबडे आहेत, बकऱ्या आहेत, पोपट आहेत. जे लिहायला पाहिजे ते एकातही नाही. तुझ्या आईला हे सांगितलं तर ती भाकरी थापत म्हणाली, "मंग न्हाई तेच लिवा की. त्याला काय पेपर मिळंना का तिकडं? कागदाच्या कारखान्यात हाय त्यो."

लिहितो. आज नाही. आज उजव्या डोळ्यातून पाणी गळतं आहे आणि मथळ्याशिवाय काही लागत नाही. कात्रण पाठवतोय ते फक्त मथळा वाचून कापलंय. आत काय आहे मला माहीत नाही. गमतीचं असेल अशी आशा आहे.

खरं सांगतो, डोळ्याचं निमित्त आहे. भीती वाटते.

आबा


पिंगळी, ६ डिसेंबर १९९३

लिंबाजी,

आज सकाळी विहारात वंदना झाली. पोरांनी मेणबत्त्या लावल्या. मला त्या दिसल्या नाहीत, नुसता उजेड दिसला. घरी येऊन दारात बसलो आहे. ऊन चांगलं आहे. कागदावर लाकडी पट्टी ठेवतो, तिच्या कडेने ओळ लिहितो, मग पट्टी खाली सरकवतो. ओळीवर ओळ आली असली तर सांभाळून घे.

त्या दिवशी काय झालं ते मी तुला खोटं सांगितलं होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टात नामांतराच्या दंगलीत आपलं घर जाळलं त्याच्या दुसऱ्या सकाळी तू मामाला घेऊन तालुक्याला फिर्याद द्यायला गेलास. वय सतरा. माझ्यापेक्षा मोठा दिसत होतास. तुझी आई जळायच्या राहिलेल्या पडवीत बाजेवर पडली होती. तुझा मॅट्रिकचा कागद आणि आपली वही जिच्यात होती ती पेटी ओढताना तिचे हात भाजले. पेटीचं झाकण तापलेलं होतं, तिने सोडलं नाही. तुझा कागद वाचला, वही जळाली.

उन्हं वर आल्यावर पाटील आले. बरोबर चार-पाच जण. त्यांतले दोघे आदल्या दिवशी हातात पलिते घेऊन होते, मी तोंडं ओळखली. ट्रॅक्टर दारात उभा केला, मशीन चालूच ठेवलं. म्हणाले, बाईला परभणीच्या दवाखान्यात नेतो, तेवढा एक कागद होऊन जाऊ दे. एकाने शाईची डबी पुढे केली आणि म्हणाला, "दे अंगठा."

तू परत आलास तेव्हा मी तुला म्हणालो, बळजबरीने अंगठा घेतला, मला काय लिहिलंय ठाऊक नव्हतं. तू मला मिठी मारलीस. "आबा, त्याला कोर्टात काही किंमत न्हाई, तुमाला वाचून कुठं दाखवलं त्यांनी," असं म्हणालास. मी मान हलवली.

अंगठा नव्हता. सही होती.

डबी मी बाजूला सारली. मी म्हणालो, "मला येतंय वाचायला. आणा इकडं." कुणी मागितली नव्हती सही. ते सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पाटील म्हणाले, "आरं, आश्रुबा वाचायलाय बघा. वाच, वाच. सावकाश वाच." मी खाली बसलो होतो आणि ते उभे होते. अकरा ओळी होत्या. मी एकेक अक्षर बोटाने धरून वाचलं. "आमच्या घरास चुलीतील विस्तवाने आग लागली. आमचा कोणावर संशय नाही. कोणाविरुद्ध तक्रार नाही." मला सगळं कळलं, लिंबाजी. एकही शब्द अडला नाही. आणि मी वाचत होतो तोवर ते सगळे गप उभे होते, माझी वाट बघत. जन्मात माझी कुणी वाट बघितली नव्हती. मला बरं वाटलं. बायको आत विव्हळत होती, घराची राख गरम होती, आणि मला क्षणभर बरं वाटलं. मग मी सही केली. तू शिकवलीस तशी, नावाखाली लांब शेपटी ओढून.

ट्रॅक्टर होता, तिचे हात होते, भीती होती. ही कारणं मी पंधरा वर्षं उशाला घेऊन निजलो. ती खोटी नाहीत. पण अंगठा दिला असता तरी ट्रॅक्टर निघाला असता. आणि अंगठा दिला असता तर तुझी फिर्याद उभी राहिली असती, कारण अडाण्याला काय वाचून दाखवलं हे विचारता आलं असतं. तो एकच रस्ता उरला होता. तो मी माझ्या हाताने, माझ्या तोऱ्यात बंद केला. पलितेवाले सुटले. आणि गाव तरी कुठे राहिलं? वर्षभर कुणी कामाला बोलावलं नाही, शेवटी तुझ्या मामाकडे पिंगळीला आलो.

तुला तो कागद कोर्टात दाखवला, हे मला माहीत आहे. तू आलास. ज्या पाटीवर मी सही गिरवायचो ती आगीतून वाचलेली पाटी माळ्यावरून काढून बाजेवर ठेवलीस आणि गेलास. तुझ्या आईला वाटलं, तू नोकरीसाठी गेलास. मी तिला आजच सांगितलं. तिने उठून माझ्यासमोर चहा ठेवला, पण स्वतः घेतला नाही.

माफ कर, एवढंच म्हणायचं आहे. ते छोटं वाटतं, पण मोठा शब्द मला कुठल्या रद्दीत सापडला नाही.

आज कात्रण नाही.

आश्रुबा


पिंगळी, १७ जानेवारी १९९४

लिंबाजी,

तू ऐकलंच असशील. संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव जोडलं. वस्तीत गुलाल, निळे झेंडे, हलगी. म्हातारी माणसं रडत होती. मला कुणीतरी खांद्यावर उचललं आणि माझ्याही तोंडात पेढा घातला. तो मला गिळेना. सतरा वर्षं लोकांनी मार खाल्ला, घरं जाळून घेतली, तुरुंगात गेले, आणि त्या सगळ्यांत एक कागद माझ्या सहीचा आहे, की काही झालंच नाही, चूल होती.

म्हणून आज ठाण्यावर गेलो. अर्ज मीच लिहिला होता, तीन दिवस लागले. मामा हात धरून घेऊन गेला. ज्याने अर्ज बघितला तो जमादार म्हणाला, "बाबा, सोळा साल झाले. तो कागद उंदरानं खाल्ला असंल."

मी म्हणालो, "खाल्ला असंल तर उंदराला सांगा, त्यातलं खोटं होतं."

तो हसला नाही. म्हणाला, याने आता काही होणार नाही, खटला कधीच मिटला, त्यांतले दोघे तर मेलेसुद्धा. मी म्हणालो, होऊ नका देऊ काही. नुसतं घेऊन ठेवा. मी बाकावर बसून राहिलो. जेवणाची वेळ झाली, ते जेवून आले, मी तिथेच. शेवटी एका कारकुनाने अर्ज घेतला आणि म्हणाला, "हितं अंगठा लावा बाबा, दिसंना ना तुमाला."

"अंगठा न्हाई. सही."

त्याने माझं बोट धरून ओळीवर नेऊन ठेवलं. मी सही केली. ती सरळ आली नाही, मामा म्हणतो शिक्क्यावर चढली. पण शेपटी ओढली.

अर्जाची शिक्का मारलेली नक्कल सोबत आहे. ही गंमत कुठल्या पेपरात आलेली नाही. भिंतीवर लावू नकोस, पण ठेव.

उजवा डोळा आता नळीतूनही बघत नाही. कागद पांढरा आहे एवढं कळतं, उन्हात धरला तर मोठं अक्षर कसंबसं लागतं. उन्हाळा लांब आहे, पण तो थांबायला तयार नाही. तुला लिहायचं असेल तर आता लिही. आठवड्यात लिही. मोठ्या अक्षरात लिही, एका पानावर चार शब्द लिही. मी हात जोडतो रे.

आबा


पिंगळी, ९ फेब्रुवारी १९९४

चि. लिंबाजी,

तुझा लिफाफा आला. काल आला.

पोस्टमनने दारातून आवाज दिला, "आश्रुबा, बल्लारशा!" तुझ्या आईच्या हातून तवा पडला. मी लिफाफा हातात घेतला, उन्हात गेलो, उजव्या डोळ्याशी नेला, डाव्याशी नेला, आडवा धरला, उभा धरला. काही नाही. मागच्या बुधवारपर्यंत उजेडात मोठं अक्षर थोडंफार लागत होतं. बुधवारी तेही गेलं, हे पत्रसुद्धा पट्टीला बोट लावून अंदाजानेच लिहितो आहे. सहा दिवस उशीर झाला तुला. सहाच दिवस.

मी रडलो. तुझ्या आईने रडू दिलं.

शेजारचे मास्तर आले, म्हणाले द्या मी वाचतो. मामा म्हणाला, दाजी, आता हट्ट सोडा. मी दिला नाही. फोडलासुद्धा नाही. तुझी आई त्यावर हात फिरवून म्हणाली, "येवढं जाड काय हाय आत?" बारा-तेरा वर्षं कागद निवडले, माझ्या बोटांना कागद कळतो. आत वहीची तीन पानं आहेत, घडी घातलेली. आणि त्या घडीत एक लहान तुकडा आहे. तो वहीचा नाही, पेपरचा आहे. कडेने कात्रीने कापलेला.

तू मला कात्रण पाठवलं आहेस.

कशाचं आहे ते विचारणार नाही. तीन पानांत काय आहे तेही विचारणार नाही. शिव्या असतील तर त्या माझ्या आहेत, मी घेईन. पण त्या तुझ्या तोंडून घेईन. तू मला तीन दिवस बसून एक बातमी वाचायला शिकवलंस, आता एक दिवस बसून तीन पानं वाचून दाखव. वाचून झालं की लगेच परत जा, मी अडवणार नाही. आणि जमलं तर जाता जाता पोपट काय म्हणाला तेही सांगून जा.

तुझी आई विचारते, "आन् त्यो आलाच न्हाई तर?" मी म्हणालो, तर लिफाफा तसाच राहील. तिने तो तुझ्या मॅट्रिकच्या कागदाशेजारी पेटीत ठेवला आहे.

चंद्रभानचं काम सुटलं. आता मी सकाळी आणि दुपारी गाडीच्या वेळी पिंगळी स्टेशनवर जाऊन बसतो, लिंबाच्या झाडाखालच्या बाकावर. मामा सोडतो, मामाच घेऊन येतो. चौदा वर्षांत तू केवढा झालास, कसा चालतोस, मला काही माहीत नाही. तू समोरून गेलास तरी मला कळायचं नाही. म्हणून गाडीतून उतरलास की आधी हाक मार.

आबा